एफॉ रिरो घरी करायची तर: लागोसला नव्याने आलेल्यांसाठी

लागोसला आल्यावर पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच एफॉ रिरो तुमच्या ताटात येणार. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, रस्त्याकडेच्या बुकात, म्हणजे साध्या खानावळीत, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या ओवाम्बेत, म्हणजे मोठ्या दणक्यातल्या पार्टीत. लाल तेलात परतलेला हिरवागार पाला, मधूनमधून मटणाचे आणि सुक्या माशांचे तुकडे, आणि एक उग्र, आंबूस वास. योरुबा लोकांची ही घरची भाजी. लागोस, इबादान, अबेओकुटा, सगळ्या नैऋत्य नायजेरियात होते आणि प्रत्येक घरची वेगळी लागते.

आवडली की माणूस घरी करून बघतो. आपल्याकडची मंडळी करायला गेली की दोन गोष्टी हमखास होतात. भाजीला पाणी सुटून तिचा रस्सा होतो, नाहीतर चव फिरून फिरून आपल्या पालकाच्या भाजीवर येते. पहिल्याचं कारण घाई. दुसऱ्याचं कारण मसाल्याचा डबा.

म्हणून डब्याचं आधीच सांगतो. हळद, जिरं, मोहरी, हिंग, धने-जिरे पूड, गरम मसाला यातलं काहीही या भाजीत पडत नाही. फोडणी नाही. टोमॅटोही बहुतेक घरी नसतो, असला तर एखादा. चव येते ती तीन जागांहून: इरू (एका झाडाच्या आंबवलेल्या बिया), सुकवलेली कोळंबी-मासळी आणि लाल पाम तेल. यातल्या एकाचाही वास सवय नसलेल्याला पहिल्यांदा बरा वाटत नाही, आणि यातलं एक जरी गाळलं तरी भाजी पोकळ लागते.

पुढचं सगळं चार-पाच जणांच्या मापाने लिहिलं आहे. मटण शिजवण्यासकट दीड-दोन तास धरा. स्टॉकफिश (कडक सुकवलेला कॉड मासा) घालणार असाल तर आदल्या रात्रीपासून तयारी लागते.

१. काय काय लागेल

सामान:

- पालेभाजी: निवडून झाल्यावर ६००–७०० ग्रॅम. ढीग बघून घाबरू नका, शिजल्यावर मूठभर होतो.
- टाटाशे (लांबट, जाड सालीची लाल मिरची, तिखट बेताची): ४
- अटा रोडो (छोटी, गोलसर, सुरकुतलेली, जाळ तिखट): २. पहिल्या वेळी १ पुरे.
- कांदे: २ मध्यम
- लाल पाम तेल: अर्धा ते पाऊण कप
- इरू: २ मोठे चमचे
- क्रेफिश (बारीक सुकी कोळंबी) पूड: २ मोठे चमचे
- मटण: अर्धा किलो
- भाजलेला सुका कॅटफिश: १ मध्यम
- स्टॉकफिश: मुठीएवढा तुकडा (ऐच्छिक)
- मॅगी किंवा क्नॉरची वडी: १–२, आणि मीठ

भांडी: जाड बुडाचं पसरट पातेलं, मोठी चाळणी, मिक्सर, लाकडी पळी. पातेलं पसरटच हवं. उभ्या टोपात वाफ कोंडते, तिचं पाणी होऊन परत भाजीत पडतं, आणि मग कितीही परता, अंगचा रस आटत नाही. सोबत एबा (कसाव्याच्या रव्याचा घट्ट गोळा) करणार असाल तर ओमोरोगुन घ्या. चपटं लाकडी उलथणं असतं, कुठल्याही बाजारात मिळतं.

२. पाला कुठला घ्यायचा

बाजारात पाच-सहा प्रकारच्या जुड्या दिसतात आणि नवीन माणसाला सगळ्या सारख्याच वाटतात. एफॉ रिरोसाठी पहिली पसंती शॉकॉ. पानं लांबट, टोकाला निमुळती, देठ कोवळे. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात आणि आदिवासी पाड्यांवर जी कुर्डूची भाजी खातात, तीच ही वनस्पती. इथे मात्र ती शेतात मुद्दाम लावतात, त्यामुळे पानं मोठी आणि मऊ मिळतात. इंग्रजीत तिला लागोस स्पिनॅचच म्हणतात. शॉकॉ शिजल्यावर लगदा होत नाही, पानाला थोडा दम राहतो, म्हणून या भाजीत ती चांगली लागते.

दुसरी टेटे, म्हणजे आपला हिरवा माठ. ओळखायला सोपी, घरी केलेली असते, स्वस्त. शॉकॉ नसेल त्या दिवशी बिनधास्त घ्या.

तिसरी उगू. ही एका भोपळ्याच्या वेलाची पानं, मूळची आग्नेय भागातल्या इग्बो लोकांची आवडती, पण आता लागोसच्या घराघरांत वापरतात. रंग गडद, चव दाट. हिला पाणी कमी सुटतं, त्यामुळे शिकणाऱ्याला ही सगळ्यात सोपी. मी नवीन माणसाला पहिल्यांदा उगूच घ्यायला सांगतो, मग भले योरुबा शेजारी नाक मुरडोत.

वॉटरलीफ नावाची गुळगुळीत, मांसल पानांची जुडी टाळा. चवीला छान असते, पण नावाप्रमाणे ती पाण्याची पिशवी आहे. कालाबारकडचे एफिक लोक उगू आणि वॉटरलीफ मिळून एडिकांग इकाँग करतात. त्यात वॉटरलीफच्या पाण्यातच सगळं शिजवायचं असतं. तो वेगळा पदार्थ, वेगळा हिशोब. एवुरो म्हणजे कडू पान. काही घरांत मूठभर घालतात, तेही चोळून, कडूपणा धुऊन. पहिल्या खेपेला नको.

बाजारात गेलात की भाजीवाली विचारेल, कापून देऊ का? बघण्यासारखं काम असतं ते. जुडी डाव्या मुठीत घट्ट धरायची, सुरी अंगठ्याकडे ओढत न्यायची, आणि खाली परातीत केसासारख्या बारीक चिऱ्या पडत राहतात. विळी नाही, पाट नाही. मोह होतो, पण तिला नको म्हणा. कापलेला पाला नंतर धुवायचा म्हणजे त्याचा सगळा रस पाण्यात जातो आणि धुतलेलं पाणी चिऱ्यांत अडकून बसतं. तुम्हाला नेमकं हेच टाळायचं आहे. वेळ वाचवायचाच असेल तर फक्त पानं खुडून मागा.

सकाळी जा आणि वयस्कर बाईंना ‘एकाआरो मा’ म्हणून नमस्कार करा. भाव विचारायला ‘एलो नि?’ पुरे. भाज्यांचे वाटे लावलेले असतात, वजनकाटा सहसा नसतो. त्यामुळे किलोचा हिशोब डोक्यातून काढा आणि वाटा डोळ्यांनी मोजायला शिका. मिरच्या जास्त लागणार असतील, म्हणजे पाचपंचवीस माणसं जेवायला असतील, तर माइल १२ च्या घाऊक बाजारात जाण्यात अर्थ आहे. उत्तरेकडून टोमॅटो-मिरच्यांचे ट्रक तिथेच उतरतात. एरवी घराजवळचा बाजार बरा.

३. तेल, इरू आणि सुकी मासळी घेताना

पाम तेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेशनवर मिळायचं ते पामोलिन येतं. ते रिफाइन करून रंग-वास काढलेलं तेल. इथे लागतं ते न शुद्ध केलेलं, दाट, केशरी-लाल. त्याचा रंग फळातल्या कॅरोटीनचा असतो. ‘पाम ऑइल’ अशी चिठ्ठी लावलेली पिवळट बाटली सुपरमार्केटमधून आणाल तर भाजी होईल, पण ती एफॉ रिरो नसेल.

तेलातली भेसळ ही इथली खरी अडचण आहे. रंग उठून दिसावा म्हणून तेलात सुदानसारखे औद्योगिक रंग मिसळले जातात, आणि नॅफडॅक या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. बाजारात तेल जुन्या पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवलेलं असतं. बाटली उजेडात धरा. चांगलं तेल केशरीकडे झुकतं आणि गार जागी तळाशी दाटून रवाळ होतं. लिपस्टिकसारखं झळकणारं, पातळ, थंडीतही न गोठणारं तेल परत ठेवा. ओळखीच्या माणसाकडून घेणं उत्तम. ऑफिसातला कुणीतरी गावाहून आणतोच. मागायला लाजू नका.

इरू म्हणजे आफ्रिकन लोकस्ट बीन या मोठ्या झाडाच्या बिया. त्या तासन् तास उकडून, सालं काढून, झाकून काही दिवस आंबवतात. त्याचे दोन प्रकार मिळतात. इरू वोरोत दाणे अख्खे दिसतात, इरू पेटे मऊ चेचलेलं असतं. या भाजीला वोरो घ्या, दातांखाली दाणा आलेला छान लागतो. वास प्रचंड असतो. डब्याला दोन पिशव्या गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर फ्रीजमधल्या दह्यालासुद्धा इरूचा वास लागेल. त्यात कधी बारीक खडे असतात, वापरण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढून निथळा.

क्रेफिश नावाने जे मिळतं ती बारीक सुकवलेली कोळंबी. आपल्या जवळ्याच्या जवळची. अख्खी घ्या, घरी मिक्सरमध्ये फिरवा. तयार पुडीत काय दळलेलं असतं ते दळणाराच जाणे.

सुका कॅटफिश गोल वळवलेला, शेपूट तोंडात दिलेला, धुरावर काळा झालेला असतो. एक मोडून आतून बघा. आत ओलसर असेल किंवा भुसा पडत असेल तर नको.

स्टॉकफिश हा लाकडासारखा कडक मासा नॉर्वेचा. लोफोटेन बेटांकडे कॉड मासा मीठ न लावता उघड्यावर, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात सुकवतात. नायजेरियात तो आधीपासून येत होता, पण १९६७–७० च्या यादवी युद्धात बियाफ्रात, म्हणजे आग्नेय भागात, मदतीचं अन्न म्हणून मोठ्या प्रमाणावर आला आणि मग इथल्या जेवणाचाच होऊन गेला. महाग आहे. पहिल्या वेळी नाही घेतलात तरी चालेल, दुसऱ्या वेळी घ्याच.

४. मांसाबद्दल दोन शब्द, आधीच

इथे नुसतं ‘मीट’ म्हटलं की ते बीफ असतं. बोकडाचं हवं असेल तर ‘गोट मीट’ असं स्पष्ट मागा. भाजीत दिसणारे रबरासारखे चौकोनी तुकडे म्हणजे पॉनमॉ, गाईचं कातडं. टॉवेलसारखा दिसतो तो शाकी, म्हणजे जनावराच्या पोटाचा भाग. जे खात नाहीत त्यांनी बुकात ऑर्डर देण्यापूर्वी विचारावं. नंतर ताटात शोधत बसण्यात अर्थ नाही.

शाकाहारी मंडळींसाठी धोका वेगळा. ‘नो मीट’ म्हटल्यावर समोरचा प्रामाणिकपणे मटण वगळतो आणि मासे घालतो, कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे मीट नव्हे. आणि क्रेफिश तर मसाल्यासारखी वापरतात, ती सांगूनही राहून जाते. त्यामुळे शाकाहारी माणसाने ही भाजी घरीच करावी. इरू पूर्णपणे वनस्पतीचं आहे, त्याचं प्रमाण दीडपट करा, मशरूम तेलात खरपूस परतून घाला. वडी घेताना पाकीट वाचा. कोंबडीच्या, कोळंबीच्या चवीच्या वड्याही त्याच मांडणीत असतात.

५. आदल्या रात्री आणि मटण

स्टॉकफिश रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पाणी टाका, नव्या पाण्यात नरम होईपर्यंत उकडा. कुकर असेल तर काम झटपट होतं. काटे काढून मोठे तुकडे करा.

मटणाला थोडा कांदा, वडी, मीठ लावून बेताच्या पाण्यात शिजवा. इथल्या घरांत या टप्प्यावर थाईम आणि थोडी करी पावडर घालतात. घालायची तर इथेच, भाजीत नाही. शिजल्यावर पाणी फेकू नका, त्यातलं अर्धा कप लागेल. मटणाचे तुकडे निथळून थोडे तळून घेतले तर भाजीत मोडत नाहीत.

सुका कॅटफिश गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, धुवा, मधला काटा आणि डोकं काढून मोठे तुकडे ठेवा. वाळू फार असते, दोनदा धुवा.

६. पाला निवडा, धुवा, पिळा

सगळा पदार्थ या पायरीवर ठरतो.

पानं खुडा, कोवळे देठ राहू द्या, जून देठ काढा. अख्खी पानं भरपूर पाण्यात मीठ टाकून धुवा. पाणी बदलत राहा, तळाशी वाळू यायची थांबेपर्यंत. पावसाळ्यात, विशेषतः जूनमध्ये, तीन-चार पाणी सहज लागतात. मग चिरा. फार बारीक नको, बोटभर रुंदीच्या पट्ट्या बऱ्या.

शॉकॉ किंवा टेटे असेल तर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा, आच बंद करा, चिरलेला पाला त्यात बुडवा, एक मिनिटभर ठेवा. लगेच चाळणीत काढून वरून गार पाणी सोडा. रंग टिकतो आणि पुढे शिजायला फार वेळ लागत नाही. उगूला हे काही करायचं नाही. ती धुऊन, चिरून, चाळणीत निथळत ठेवली की झालं.

आता पिळणं. मूठभर पाला दोन्ही तळव्यांत घ्या आणि दाबा. पहिल्यांदा हिरवं पाणी धार लागून पडतं. मग थेंब पडतात. थेंब थांबेपर्यंत दाबा आणि तो गोळा बाजूला ठेवून पुढचा घ्या. सगळे गोळे झाले की पहिल्यापासून परत एकदा. दहा मिनिटांत पहिल्या गोळ्याखाली पुन्हा पाणी साचलेलं असतं, बघा. दुसऱ्यांदा पिळलेले गोळे हाताने मोकळे करा आणि चाळणीतच राहू द्या, भांड्यात काढू नका.

जीवनसत्त्वं जातात म्हणून पिळायला नको, असं कुणीतरी सांगेल. थोडी जातात, खरं आहे. ज्यांना ते खटकतं त्यांनी उगू वापरावी. शॉकॉ न पिळता टाकलीत तर एफॉ रिरो म्हणून सूप प्यावं लागेल.

७. वाटण

टाटाशे, रोडो आणि एक कांदा. पाणी न घालता, किंवा अगदी नाइलाजाने दोन चमचे घालून, थांबत थांबत फिरवा. जाडसर, ठेच्यासारखं राहिलं पाहिजे, पेस्ट नको. टाटाशेच्या बिया काढल्या तर पाणीही कमी सुटतं. बाजारात मिरच्या वाटून देणाऱ्या गिरण्या असतात, पण तिथे सगळं एकजीव, मऊ होऊन येतं. तांबड्या रश्शाला ते चालतं, इथे नको.

रोडोला हात लावताना सांभाळा. तिखटपणा आपल्या लवंगीलाही मागे टाकतो, आणि हात साबणाने धुतले तरी बराच वेळ डोळ्याला लावायची सोय राहत नाही. तिचा स्वतःचा एक फळासारखा सुवास असतो. हिरवी मिरची घालून तिखट येईल, तो सुवास येणार नाही. म्हणून तिखट झेपत नसेल तर रोडो वगळू नका, एक घ्या आणि आतल्या बिया-शिरा काढा.

वाटण पसरट पातेल्यात एकटंच ठेवा, तेल न घालता, मध्यम आचेवर. उकळी येईल, पाणी आटेल, तळ दिसू लागेल. दहा-बारा मिनिटं लागतात. ही पायरी वगळायचा मोह होतो, कारण पुढे तेलात तेच परतायचं असतं. पण ओलं वाटण तेलात पडलं की ते परतत नाही, उकडतं. मिरचीचा कच्चा, आंबट वास शेवटपर्यंत राहतो.

८. तेल तापवणं आणि परतणं

खिडकी उघडा. एक्झॉस्ट असेल तर लावा.

दुसऱ्या पातेल्यात पाम तेल घाला, मध्यम आच. तेल सैल होऊन पाण्यासारखं हलू लागेल, वास बदलेल. दोन-तीन मिनिटं बस. धूर येईपर्यंत तापवून तेलाचा लाल रंग उडवायची पद्धत इथे आहे, पण ती अयामासे नावाच्या हिरव्या मिरचीच्या रश्शासाठी. ती कृती बघून कुणी एफॉ रिरोचं तेलही तसंच जाळतं. नको. घरभर धूर होतो, घसा धरतो, आणि भाजीचा लाल रंगच जातो.

दुसरा कांदा उभा चिरून तेलात टाका. मऊ झाला की इरू. आता खरा वास सुटेल, शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाईल. अर्धं इरू आता घाला, अर्धं शेवटी, म्हणजे चव तेलातही उतरते आणि दाण्यातही राहते. मिनिटभर परतून आटवलेलं वाटण घाला.

इथे पंधरा ते वीस मिनिटं द्या. आधी पातेल्यातून मोठे, जड बुडबुडे फुटतात आणि ओट्यावर लाल शिंतोडे उडतात. पांढरा शर्ट घालून उभे राहू नका. हळूहळू आवाज बारीक होतो, चरचर सुरू होते, वाटण गडद होतं, आणि पळीने बाजूला सारलं की मागे तेल सुटून वाहतं. तवंग येणं वेगळं, तेल सुटणं वेगळं, हे आपल्याकडच्या रश्शावरून माहीत आहेच. कडेने तेल सुटेपर्यंत थांबा. तेल जास्त वाटलं तर शेवटी वरचं काढून घ्या. सुरुवातीला कमी घालून वाटण तळाला लागू देण्यापेक्षा हे बरं.

९. सगळं एकत्र

मटण, स्टॉकफिश घाला, मटणाचं पाणी अर्धा कप, त्याहून जास्त नाही. क्रेफिश पूड, एक वडी. पाच-सात मिनिटं उकळू द्या. मग कॅटफिशचे तुकडे अलगद सोडा. तो लवकर विरघळतो, पळीने ढवळू नका, पातेलं हलवा.

आता चाखा. मीठ अजून घातलेलं नाही, आणि कदाचित लागणारही नाही. मटणाच्या पाण्यात मीठ आहे, वडीत आहे, माशात आहे, काही ठिकाणी इरूही मीठ लावून विकतात. रस या टप्प्यावर किंचित खारट आणि तिखटच हवा, पाला पडल्यावर बरोबर येतो. आणि तो दाट हवा. पळी काढली की तळावर खूण राहिली पाहिजे. पातळ असेल तर आत्ताच आटवा. पाला पडल्यानंतर आटवाल तर पाला काळा पडेल.

पाला मोकळा करून दोन-तीन हप्त्यांत घाला. उरलेलं इरू घाला. खालून वर असं उलटत राहा, प्रत्येक पानाला लाल रस लागला पाहिजे. झाकण ठेवायचं नाही. शॉकॉला तीन ते चार मिनिटं, उगूला पाच. पाला हिरवा असतानाच गॅस बंद करा. पातेल्याच्या उष्णतेत तो आणखी शिजतो.

पाणी सुटलंच तर? पीठ लावू नका, बेसन तर मुळीच नाही. पाला झाऱ्याने बाहेर काढा, खालचा रस मोठ्या आचेवर आटवा, पाला परत घाला. रंग थोडा जाईल, चव जाणार नाही. इथल्या बायका कधी दळलेल्या एगुसीच्या, म्हणजे कलिंगडाच्या कुळातल्या एका फळाच्या, बिया घालून पाणी शोषून घेतात. त्याची वेगळीच, दाट भाजी होते, एफॉ एलेगुसी. तीही चांगली, पण ती मुद्दाम करावी.

१०. कशाबरोबर खायची

इथे इयान, आमाला किंवा एबा. इयान म्हणजे उकडून उखळात कांडलेलं याम (एक मोठा कंद), घरी करायला दमछाक. आमाला यामच्या सुक्या पिठाचा, तपकिरी. त्याची उकड गुठळी न होता काढायला हात बसावा लागतो. नवीन माणसाने एबा करावा. भांड्यात एक कप उकळतं पाणी, त्यावर गारी (किसून, आंबवून, भाजलेल्या कसाव्याचा रवा) भुरभुरत जा, पाण्याच्या वर किंचित डोंगर दिसेपर्यंत. झाकून दोन मिनिटं. ओमोरोगुनने जोरात घोटा. पाणी उकळतंच हवं, कोमट पाण्यात गारी फुलत नाही, चरचरीत राहते. इजेबूची गारी चवीला आंबट असते. ज्यांना ताकाची सवय आहे त्यांना ती आवडते.

उजव्या हाताने लहान गोळा तोडा, अंगठ्याने मध्ये खळगा करा, त्यात भाजी उचला. एबा चावत नाहीत, गिळतात. ते जमत नसेल तर चावा, कुणी हसणार नाही. फार तर थोडं हसतील. साध्या भाताबरोबरही ही भाजी उत्तम लागते, आणि भाकरीबरोबर तर मला जास्तच आवडते, पण हे इथल्या लोकांना सांगत नाही.

११. पुण्या-मुंबईत करायची झाली तर

सुट्टीवर गेलं की घरचे म्हणतात, करून दाखव. बहुतेक गोष्टींची सोय होते. पाल्याला हिरवा माठ घ्या, पावसाळ्यात कुर्डू मिळाली तर अस्सलच. पालक तिसऱ्या क्रमांकावर, तोही तीनदा पिळून. मेथी, शेपू, अंबाडी नको, त्यांचा स्वतःचा वास सगळ्यावर चढतो. टाटाशेच्या जागी लाल ढोबळी मिरची. क्रेफिशच्या जागी सुका जवळा कोरडा भाजून, चाळून, दळून. कॅटफिश-स्टॉकफिशच्या जागी सुके बोंबील चालतात, पण ते खारवलेले असतील तर आधी भिजवून पाणी टाका.

रोडोला जोड नाही. तिच्या कुळातली जवळची म्हणजे ईशान्येची भूत जोलोकिया, तीही चिमूटभर. इरूच्या जागी नागालँडचं अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, बरंच जवळ जातं. लाल पाम तेल मात्र सोबतच न्यावं लागतं. त्याच्या जागी शेंगदाण्याचं तेल घालून भाजी चविष्ट होते, रंग आणि मागची जड चव येत नाही. हळद किंवा काश्मिरी मिरची घालून रंग आणायचा प्रयत्न करू नका.

१२. उरली तर

दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागते. फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. लागोसमध्ये खरा प्रश्न विजेचा. लोक अजूनही विजेला जुन्या वीज मंडळाच्या नावाने ‘नेपा’च म्हणतात, ते मंडळ जाऊन वर्षं लोटली तरी. जनरेटर रात्री बंद राहत असेल तर मोठा डबा भरून ठेवू नका, एका वेळच्या वाट्याचे छोटे डबे करा. एकदा वितळलेला डबा परत गोठवू नका, मासळी आहे त्यात. गरम करताना पाणी घालायचं नाही, गोठलेलं तेल वितळलं की भाजी आपोआप सैल होते.

डबे काचेचे किंवा स्टीलचे घ्या. प्लॅस्टिकला पाम तेलाचा केशरी रंग कायमचा धरतो. ओट्यावरचे डाग आधी कोरड्या कागदाने पुसा, मग साबण. उलट केलंत तर डाग पसरतो. कपड्यावर पडलं असेल तर भांड्यांचा साबण चोळून उन्हात टाका. कॅरोटीन उन्हात उडतं, दोन-तीन दिवसांत डाग फिका होतो.